आमचा जनसेट उपाशी राहतो

जुनी मिनीबस घेऊन तिचं चालतंफिरतं घर करायचं ही आयडिया मेहुण्याची, पैसे माझे, आणि 'एसी नसेल तर मी पाऊल ठेवणार नाही' ही अट आमच्या हिची. आता मे महिन्यात कोकणात सुरूच्या बनात गाडी लावल्यावर एसीचा प्लग कुठे खुपसणार, म्हणून डिझेल जनसेट, म्हणजे वीज तयार करणारा जनरेटर, आला. (बॉडी बदलल्याचे कागद, आरटीओ, तो वेगळा ग्रंथ आहे, त्यात आत्ता शिरत नाही.)

जनसेट पाच केव्हीएचा. पाच केव्हीए म्हणजे पाच किलोवॅट नव्हे बरं का, पॉवर फॅक्टर (त्यातली खरी कामी येणारी वीज किती, ते प्रमाण) ०.८ धरला की हातात चारच येतात, मधला एक कुठे जातो ते मेहुणा मला कागदावर त्रिकोण काढून समजावतो आणि तो समोर बसलाय तोपर्यंत मला कळतंही. ५० हर्ट्झची वीज पाहिजे तर इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांचं घ्या नाहीतर ३००० चं. १५०० वालं शांत आणि टिकाऊ, पण वजन आणि किंमत बघून आम्ही निमूटपणे ३००० वालं घेतलं. गाडीचं मूळ इंजिन खंबाटकी चढताना ओरडत नाही एवढं हे जागच्या जागी ओरडतं.

मागच्या डिक्कीत बसवायचं ठरलं. पत्रा कापला, अँगलची फ्रेम मारली, खाली रबर माउंटिंग, सायलेन्सरला मध्ये बेलो, म्हणजे लवचीक नळीचा तुकडा, टाकला कारण इंजिन थरथरतं आणि बॉडी नाही, सरळ पाइप जोडला तर आज ना उद्या वेल्डिंग चिरणारच. एक्झॉस्टचं तोंड दाराच्या उलट्या बाजूला, बॉडीच्या पार बाहेर, शिवाय पलंगाजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. याबाबतीत मी कुणाचं ऐकत नाही, तो गॅस दिसत नाही, वास येत नाही आणि झोपलेल्याला उठवतही नाही. डिझेल गाडीच्याच टाकीतून, पण वेगळ्या नळीने, आणि ती नळी तळापर्यंत न नेता वरच कापलेली, म्हणजे जनसेटने रात्रभर कितीही प्यायलं तरी पाव टाकी गाडीला उरते. ही युक्ती मेहुण्याची, आणि तो ती आमच्याकडच्या प्रत्येक लग्नात पंगतीत सांगतो.

नियमाप्रमाणे जनसेटच्या खोक्यापासून एक मीटरवर ७५ डेसिबलपर्यंत आवाज चालतो. आमचा पलंग खोक्यापासून एक फुटावर आहे.

म्हणून डिक्कीला आतून आवाज शोषणारं रॉकवूल आणि फोम लावून घेतला. फॅब्रिकेटर म्हणाला, बघा साहेब, आता टाचणी पडली तरी ऐकू येईल. तासाभरात खरंच ऐकू आली असती, कारण जनसेट बंद पडला होता. एअरकूल्ड इंजिन ते, त्याला वारा पाहिजे, चहूबाजूंनी कोंडल्यावर स्वतःचीच गरम हवा ओढत बसलं आणि टेंपरेचरवर ट्रिप झालं. मग जाळ्या कापल्या, डक्ट केला, वर दोन फॅन. आता जनसेटचा आवाज पूर्वीएवढाच आहे, फॅनचा वेगळा. आणि एवढं करूनही थोडी धग वर पलंगात येतेच. म्हणजे एसी चालवायला जनसेट, जनसेटने गादी तापते म्हणून एसी १८ वर, आणि एसी १८ वर म्हणून जनसेट रात्रभर.

पण खरी गंमत एसीचीच. आधी घरचा जुना दीड टनी काढून गाडीत लावला होता. चालताना तो सात-आठ अँपिअर घ्यायचा, पण कंप्रेसर उचलताना क्षणभर त्याच्या चार-पाचपट मागायचा आणि जनसेट देणार जेमतेम २१. मग दिवे मिणमिणायचे, जनसेट हुंदका द्यायचा, टक् करून एमसीबी (जास्त वीज ओढली की तोडणारा खटका) पडायचा आणि अंधारात हिचा आवाज, "झालं का समाधान?" शेवटी इन्व्हर्टर एसी घेतला. काय सुंदर मशीन, हळूच सुरू होतं, एकदा गारवा आला की पाच-सहाशे वॅटवर गुमान चालतं. डिझेल वाचलं, मी खूश.

आणि मग सायलेन्सरच्या तोंडातून काळं, चिकट काहीतरी ओघळायला लागलं. पांढऱ्या बॉडीवर. पत्रा असा दिसायला लागला की कुणी गाडीला काजळ घालताना शिंकलं असावं.

साताऱ्याकडे एक मिस्त्री आहे, शेतातल्या डिझेल इंजिनांवर त्याचा हात बसलेला. त्याने ते काळं बोटावर घेतलं, अंगठ्याने चोळलं, वास घेतला.

"लोड किती टाकता साहेब?"

"एक एसी. इन्व्हर्टर. एकदम कमी खातो," मी जरा ऐटीतच.

"आन् बाकी?"

"बाकी काय, दोन एलईडी. मोबाइल."

त्याने बोट फडक्याला पुसलं. "मग ह्यो उपाशीच चाललाय की वो."

तर प्रकार असा आहे की डिझेल इंजिनाला त्याच्या ताकदीच्या तीसेक टक्क्यांहून कमी लोडवर तासनतास चालवलं तर सिलिंडर पुरेसा तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं, पिस्टनच्या रिंगांवर काजळी बसते आणि न जळलेलं सगळं तेलकट होऊन सायलेन्सरमधून गळतं. उपाय एकच, रोज थोडा वेळ तरी दणदणीत लोड. ज्या घरात वडिलांनी उभं आयुष्य 'बाथरूमचा दिवा कुणी चालू ठेवला' या एका वाक्यावर काढलं, त्या घरच्या मुलाने आता तारकर्लीला, घामाच्या धारा लागलेल्या असताना, जनसेटची तब्येत सुधारावी म्हणून दोन किलोवॅटचा गिझर लावायचा. पाणी उकळलं की थर्मोस्टॅट गिझर बंद करतो, की लोड गेला, म्हणून ते पाणी कुणीतरी वापरायला पाहिजे. आम्ही चौघं भर मे महिन्यात पाळीपाळीने कढत पाण्याने आंघोळ करतो. अंग भाजून बाहेर आलं की एसी आहेच. तेही पुरेना झालं तर इस्त्री. मी सुरूच्या बनात बसून हाफपँटींना कडक इस्त्री केलेली आहे.

त्यातच शेजारच्या वाडीतले आजोबा काठी टेकत आले. बराच वेळ डिक्कीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "टाकी भरूक नाय अजून? कधीपासून पंप चालूच आसा." त्यांना काय सांगू, की आजोबा, हा पंप नाही, आणि हे आमचं औषधपाणी चाललंय.

बरं, महाबळेश्वरला याच्या बरोब्बर उलटं. साडेतेराशे मीटरच्या आसपासची उंची, हवा विरळ, इंजिनाची ताकद दहा-बारा टक्क्यांनी उतरते, म्हणजे तिथे खरोखर थंडी वाजून गिझर लावावा आणि जोडीला इस्त्री धरली की पठ्ठ्या काळा धूर ओकतो.

मेंटेनन्सचं म्हणाल तर गाडीचं किलोमीटरवर असतं, याचं तासांवर. गाडी अंगणात उभी असली तरी हा म्हातारा होत असतो. ऑइल मी स्वतः बदलतो, त्यात काही नाही. डिझेल फिल्टर बदलला मात्र की हवा धरतो, आणि मग सेल्फ कितीही मारा, नुसता घोगरा खोकला. मग डिक्कीत अर्धा आत शिरायचं, फिल्टरवरचा हवेचा स्क्रू दोन आटे सैल करायचा आणि हँड प्रायमरची, म्हणजे डिझेल ओढणाऱ्या हातपंपाची, टिकली अंगठ्याने दाबत बसायचं. आधी फुसफुस, मग फेस, मग बुडबुडे, आणि बुडबुडे संपून स्वच्छ डिझेलची धार लागली की तीच धार मनगटावरून कोपरापर्यंत उतरत असताना स्क्रू आवळायचा. एवढ्यावर भागलं तर नशीब. नाहीतर इंजेक्टरचा नट सैल करून वरून ओरडायचं, "अगं, मार सेल्फ!"

"अहो मारतेय ना! कितीदा मारू?"

"थांब, थांब! आता मार!"

लांबून ऐकणाऱ्याला हा कौटुंबिक हिंसाचार वाटतो.

परवा मेहुणा आला, चहा व्हायच्या आत कागद-पेन मागितलं. म्हणे दाजी, लिथियमच्या बॅटऱ्या टाकू. रात्री एसी बॅटरीवर, जनसेट बंद, आवाज नाही, धग नाही, मरणाची शांतता.

"आणि त्या चार्ज कशावर करायच्या?"

"जनसेटवर! संध्याकाळी दोन-अडीच तास फुल लोड, चार्जरच तीन किलोवॅट ओढेल. काजळी गायब."

हे मात्र मला पटलं, खोटं कशाला बोलू. मी विचारलं, बॅटऱ्या ठेवायच्या कुठे, डिक्की तर जनसेटने खाल्लीये. तो म्हणाला, आता लोडसाठी गिझरची गरज नाही, तो काढू, ती जागा मोकळी.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "गिझरला हात लावून दाखवा."