मुलाच्या रकान्यात मुलाचाच हात हवा

आज एका शाळेतली पाचवीची समग्र प्रगतिपत्रकं पाहायला मिळाली. शाळेचं नाव सांगत नाही, कारण हे त्या एका शाळेपुरतं नाही. पत्रकात मुलाचा रकाना, सोबत्याचा रकाना, पालकांचा आणि शिक्षकांचा. चारही रकान्यांत एकाच निळ्या पेनाच्या, एकाच वळणाच्या खुणा! 'मला दशांश अपूर्णांकांची तुलना करता येते' यापुढे अख्ख्या वर्गाचा हसरा चेहरा. मुलांच्या हातात तो कागद गेलाच नव्हता.

संताप येतोय. स्वयंमूल्यमापन महाराष्ट्राला नवं नाही. 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हाच आकारिक, म्हणजे शिकता शिकता होणाऱ्या, मूल्यमापनाच्या साधन-तंत्रांत ते होतं. पण कुठे? शेवटच्या 'इतर'मध्ये, प्रश्नावली आणि गटकार्याच्या शेजारी. आणि 'इतर'मध्ये जे टाकलं जातं त्याचं जे होतं तेच झालं. वर्णनात्मक नोंदींच्या तयार पुस्तिका निघाल्या, मग पीडीएफ आल्या, आणि 'स्वतःच्या चुका स्वतः शोधतो' हे वाक्य हजारो नोंदवह्यांत उतरवलं गेलं. ज्या मुलाबद्दल ते लिहिलं, त्याला एक तरी चूक शोधायला दिली होती का?

वर्गात चाळीस मुलं असतात, वर निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहित्या. मान्य. पण चाळीस पत्रकांवर खोट्या खुणा करायलाही वेळ लागतोच ना?

त्या दशांश अपूर्णांकांच्या ओळीचंच घेऊ. ती खरी कशी भरता येईल? दहा गणितांची साधी चाचणी द्या. पेपर गोळा करण्याआधी प्रत्येक गणितापुढे समासात मुलाने एक अक्षर लिहायचं : 'ख' म्हणजे खात्री आहे, 'अं' म्हणजे अंदाजाने लिहिलं, 'ना' म्हणजे येत नाही. दोन मिनिटं पुरतात. हे तपासण्याच्या आधीच व्हायला हवं. तपासलेला पेपर हातात पडल्यावर मूल स्वतःला जोखत नाही, शिक्षकांच्या लाल खुणा उतरवून काढतं.

तपासताना 'ना' आणि चूक असेल तर चिंता नाही, त्या मुलाला आपलं अडतंय कुठे हे माहीत आहे. 'अं' आणि बरोबर असेल तर गुण मिळतील, पण ते गणित पुन्हा द्यायला हवं. आणि 'ख' लिहून चुकलंय तिथे थांबा. सगळ्यात मोलाची जागा ती. 0.45 आणि 0.5 यांत मोठी संख्या कोणती? मूल ठामपणे 0.45 लिहितं, कारण 45 हे 5 पेक्षा मोठे. हा निष्काळजीपणा नाही, त्याने मनाशी पक्का केलेला नियम आहे. आपण वर्गात 'शून्य दशांश पंचेचाळीस' असं वाचतो, तेव्हा तो नियम आपणच घट्ट करतो. 'शून्य दशांश चार पाच' असंच वाचायचं. मग चौकटीच्या वहीत 10 गुणिले 10 चे दोन चौरस आखून द्यायचे, एकात 0.5 रंगवायला सांगायचं, दुसऱ्यात 0.45. पन्नास घरं आणि पंचेचाळीस घरं शेजारी शेजारी दिसली की मूल स्वतःच म्हणतं, 'अरे, हे तर 0.50 आहे!' हे बोलणं त्या निळ्या खुणेतून कधी बाहेर येणार होतं?

यात बिघडतं कुठे तेही सांगते. पहिल्या दोन-तीन वेळा जवळजवळ सगळी मुलं सगळीकडे 'ख' लिहितात. तिथे सोडून देऊ नका. 'ना' लिहिणाऱ्याला एकदा जरी वर्गासमोर बोललात, तर पुढे वर्षभर 'ना' दिसणार नाही. त्या अक्षराला गुण लावलेत, तर मुलं गुणांसाठी लिहितील. आणि हुशार, घाबरट मुलांकडे मुद्दाम लक्ष ठेवा, ती बरोबर उत्तरापुढेही 'अं' लिहितात.

भाषेत रीत थोडी वेगळी. निबंध लिहायच्या आधी दोन नमुने वाचून दाखवा, एक जमलेला, एक फसलेला, वर्गातल्या कुणाचेच नसलेले. कोणता चांगला आणि का, हे मुलांना सांगू द्या आणि त्यांच्याच शब्दांत तीन निकष फळ्यावर लिहा. चारच्या वर गेलात की मुलं वाचतच नाहीत. 'छान लिहिलं आहे' हा निकष होत नाही. 'पाहिलेली एक तरी गोष्ट नेमकी सांगितली आहे' हा होतो. लिहून झाल्यावर खूण करायला सांगू नका. ज्या वाक्यात तो निकष दिसतो, ते वाक्य पेन्सिलीने अधोरेखित करायला सांगा. अधोरेखित करायला वाक्यच सापडलं नाही, की काय राहिलं ते मुलाला आपोआप कळतं. शिक्षकांनी फक्त जिथे मुलाचं आणि आपलं मत जुळत नाही तिथे एक ओळ लिहावी. त्या दिवशी गुण देऊ नयेत, नाहीतर मूल आकडा बघून वही मिटतं. आणि दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटं सुधारायला हवीतच. तेवढी देता येत नसतील, तर हा सगळा खटाटोप करूच नका.

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी 1998 मध्येच मांडलं होतं की शिकता शिकता होणाऱ्या मूल्यमापनात मुलाने स्वतःला जोखणं हा वरचा मजला नाही, पायाच आहे. आपण मात्र त्याचा रकाना केला.

इथवर लिहिताना राग थोडा निवळला. त्या निळ्या पेनामागच्या बाईंचा विचार मनात आला. त्यांना स्वतःला जोखायला कुणी शिकवलं? 'स्क्वाफ' या शाळांची गुणवत्ता जोखणाऱ्या सरकारी आराखड्यात 128 मानकं, प्रत्येकात आपला स्तर स्वतः ठरवायचा आणि पुराव्याचे फोटो चढवायचे. ज्या आकड्यावरून शाळेकडे बघितलं जाणार, तिथे खालचा स्तर प्रामाणिकपणे कोण लिहील? गोपनीय अहवालातल्या स्वयंमूल्यनिर्धारणाचंही तेच. जिथे वरिष्ठांचा शेरा बसणार, तिथे माणूस बचाव लिहितो, आणि त्यात त्याचा दोष नाही.

म्हणून शिक्षक मित्र-मैत्रिणींनो, एक गोष्ट अशी करा जी कुठल्याही पोर्टलवर जाणार नाही. मोबाइल टेबलावर ठेवून तासाची फक्त दहा मिनिटं आवाजात टिपा. घरी ऐकताना एकच मोजा : प्रश्न विचारल्यावर तुम्ही किती सेकंद गप्प राहिलात. बहुतेकांचा एक सेकंदही होत नाही, उत्तर आपणच देऊन टाकतो किंवा पहिल्या बाकावरच्याकडे वळतो. पुढच्या आठवड्यात तीन सेकंद थांबायचं ठरवा आणि पुन्हा टिपा. दुसरं काही मोजू नका. ते ध्वनिमुद्रण मुख्याध्यापकांनाही दाखवू नका, ऐकून झालं की पुसून टाका.

आणि यंदाच्या पत्रकांत ज्यांच्याकडून मुलांचं स्वयंमूल्यमापन झालंच नाही, त्यांनी तो रकाना रिकामा ठेवावा. कुणी विचारलंच, तर झालं नाही म्हणून सांगावं आणि पुढच्या चाचणीला समासात 'ख', 'अं', 'ना' लिहून घ्यावं.