एमएसवर रोज ड जीवनसत्त्वाची पुडी? नको!

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर एमएसबद्दल (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) एक मेसेज फिरतोय: 'एमएस म्हणजे ड जीवनसत्त्वाची कमतरता. रोज 60,000 युनिटची पुडी दुधातून घ्या, प्रतिकारशक्ती वाढेल. महागडी इंजेक्शनं बंद करा.' निपाणीच्या माझ्या मावसबहिणीला एमएस आहे. तिला हा मेसेज तीन नातेवाइकांनी पाठवला, तोही काळजीपोटी. म्हणून हे लिहितोय.

'प्रतिकारशक्ती वाढेल' इथेच घोळ आहे. एमएसमध्ये ती कमी पडत नाही. ती आपल्याच मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर, मायलिनवर, तुटून पडते. बहिणीला पहिल्यांदा कळलं ते कुंकवाच्या करंड्यावरून. डाव्या डोळ्याने कुंकू लालभडक, उजव्याने विटकरी. उजव्या डोळ्याच्या नसेवर हाच हल्ला झाला होता. तिची इंजेक्शनं प्रतिकारशक्तीच्या या बिथरलेल्या पेशींना आवरतात. प्रयोगशाळेत ड जीवनसत्त्वही दाह वाढवणाऱ्या टी पेशींना (त्याही प्रतिकारशक्तीच्याच) शांतच करतं.

'एमएस म्हणजे ड ची कमतरता' यात थोडं तथ्य आहे. 2006 साली अमेरिकी सैनिकांच्या रक्तनमुन्यांत दिसलं, की ड जास्त असलेल्या गोऱ्या सैनिकांना एमएसचा धोका कमी होता. पण आपल्याकडे एवढं ऊन असूनही ड ची कमतरता घरोघरी सापडते, आणि एमएस मात्र विरळा. एपस्टीन-बार विषाणू, आनुवंशिकता, सिगारेट यांचाही त्यात हात असतो.

'इंजेक्शनं बंद करा' हे सगळ्यात घातक. 2023 च्या अमेरिकेतल्या चाचणीत एमएसच्या सगळ्या रुग्णांचं नेहमीचं औषध चालूच होतं. वर कुणाला रोज 5,000 युनिट ड, कुणाला 600. रिलॅप्समध्ये, म्हणजे आजार पुन्हा उफाळण्यात, फरक पडला नाही. 2025 ची फ्रान्समधली चाचणी मात्र आशा देते. नुकताच एमएसचा पहिला अटॅक आलेल्यांना, दुसरं औषध सुरू होण्याआधी, दर पंधरवड्याला एक लाख युनिट दिले. दोन वर्षांत आजाराची हालचाल ड न घेणाऱ्यांपैकी 74 टक्के, तर घेणाऱ्यांपैकी 60 टक्के जणांत दिसली. ती मुख्यतः एमआरआयवर. रिलॅप्समध्ये ठोस फरक नव्हता. औषध सोडून चालेल, असं यातून कुठेच निघत नाही.

शिवाय फ्रान्समधला तो डोस रोजचा साधारण 7,000 युनिट पडतो. मेसेजातला त्याच्या आठपटीहून जास्त! डॉक्टर ही पुडी देतात ती बहुधा आठवड्याला एक, तीही ठरावीक आठवडे. ड चरबीत साठतं, लघवीवाटे निघून जात नाही. फार झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं: सारखी तहान, मळमळ, बद्धकोष्ठ, गळून जाणं, पुढे मूतखडा आणि किडनीला इजा. थकवा आणि बद्धकोष्ठ एमएसमध्येही असतात, म्हणून 'आजारच वाढला' असं समजून माणूस आणखी पुड्या घेतो.

कुणी रोज घेत असेल तर पुडी आजच थांबवा आणि डॉक्टरांना सांगून कॅल्शियम, क्रिएटिनिन (यावरून किडनीचं काम कळतं) आणि ड ची पातळी तपासून घ्या. बहिणीची पातळी कमीच निघाली होती. तिला महिन्याला एक पुडी दिली आहे. ती कॅलेंडरवर खूण करून घेते, आणि इंजेक्शन चालू आहे.