लिवाच्या रॅली सहलीला तुम्ही दिलेल्या दोन स्टारबद्दल

नमस्कार,

तुमचा अभिप्राय वाचला. त्या दिवशीच्या आमच्या दोन्ही चालकांशी बोलून मगच हे लिहितोय. तुम्ही सहा मित्र अबुधाबी डेझर्ट चॅलेंज ही वाळवंटातली दुचाकी-गाड्यांची शर्यत बघायला आमच्याबरोबर दुबईहून अबुधाबीच्या वाळवंटातल्या लिवाला आलात. तुमचं म्हणणं असं: तीन तास उन्हात बसलो आणि गाड्या दहा सेकंदांत निघून गेल्या, कोण गेलं ते कळलं नाही, जवळ जाऊ दिलं नाही, वर चालक ओरडला, परतताना गाडी रुतली आणि जेवण गार मिळालं.

जेवणाची चूक पूर्णपणे आमची. डबे असलेली गाडी पेट्रोल भरायला मागे थांबली आणि एकचं जेवण तुमच्यापर्यंत पावणेतीनला पोचलं. पहाटे साडेतीनला घर सोडलेल्या माणसांचे असे हाल व्हायला नको होते.

तीन तासांचं मात्र तुम्हाला बुकिंगच्या वेळीच सांगायला हवं होतं, आणि ते मी सांगितलं नाही. या शर्यतीत सगळे एकदम सुटत नाहीत. आधी दुचाकी, मग गाड्या, एकेक करून काही मिनिटांच्या अंतराने. शिवाय आखलेला रस्ता नसतो. रोडबुकवरून, म्हणजे वाटेतल्या खुणा आणि अंतरं लिहिलेल्या पुस्तिकेवरून, दिशा शोधत जायचं. एखादी खूण चुकली की पुढचा मागे पडतो. म्हणून कधी लागोपाठ चौघं येतात, कधी अर्धा तास नुसती वाळू. मला स्वतःला ती वाट बघणंच आवडतं. लांबून इंजिनाचा आवाज येतो, टेकडीमागे धूळ उठते, पण नक्की कुठून वर येणार ते शेवटपर्यंत कळत नाही. पण तुम्हाला याची कल्पना न देता तिथे बसवणं चूकच.

कोण गेलं ते कळायलाही हवंच होतं. आपल्या हिरो कंपनीच्या दुचाकीवर बोट्स्वानाचा रॉस ब्रँच 2024 मध्ये रॅली-रेडचा, म्हणजे अशा लांब पल्ल्याच्या शर्यतींचा, जगज्जेता झाला. केरळच्या हॅरिथ नोहाने त्याच वर्षी डाकार या सगळ्यात नावाजलेल्या रॅलीत दुचाकींचा रॅली-2 हा दुसऱ्या फळीचा गट जिंकला. पुण्याचे संजय टकले 2025 च्या डाकार क्लासिकमध्ये, म्हणजे जुन्या गाड्यांच्या डाकारमध्ये, उतरले. हे माहीत असलं की दहा सेकंदही पुरतात. यापुढे स्पर्धकांचे क्रमांक आणि नावं मराठीत छापून प्रत्येकाच्या हातात देणार आहोत.

आता जवळ जाण्याबद्दल. इथे मी माफी मागणार नाही. तुमचे मित्र व्हिडिओसाठी टेकडीच्या उतरत्या बाजूला, पायथ्याशी जाऊन उभे राहिले होते. पलीकडून वर चढणाऱ्या स्पर्धकाला माथ्यापलीकडचं काहीच दिसत नाही. दोन टनांची गाडी माथ्यावरून खाली झेपावते तेव्हा खाली माणूस आहे हे त्याला कळेपर्यंत उशीर झालेला असतो, आणि वाळूत धावून बाजूला होताही येत नाही. आमचा चालक ओरडला, कारण चालत जाऊन समजावण्याइतका वेळ नव्हता. सगळ्या मित्रांसमोर ते लागलं असणार, हे मी समजतो. त्याने वापरलेल्या शब्दांबद्दल तो स्वतः तुमच्या मित्रांना फोन करणार आहे. पण त्याने त्यांना तिथून हटवलं याचा मला अभिमान आहे.

गाडी रुतली त्याचं कारण साधं. पहाटेच्या दवाने वाळू घट्ट असते, दुपारी ती सुटी होते. रुतू नये म्हणून टायरची हवा आम्ही सकाळीच कमी केली होती, पण उशीर झाला म्हणून चालकाने जवळची वाट धरली. ती धरायला नको होती. फावडी घेऊन तुम्ही सगळे मदतीला उतरलात, त्याबद्दल मनापासून आभार.

सहा जणांच्या जेवणाचे पूर्ण पैसे ज्या कार्डावरून भरले होते त्याच कार्डावर आज परत पाठवले आहेत. गुरुवारपर्यंत जमा झाले नाहीत तर बुकिंगच्या नंबरवर फोन करा, तो मीच उचलतो.