रक्तगट जुळला, पण पॅटर्न पाहिला का?

धान निघालं की आमच्या भागात सोयरिकींचा हंगाम लागतो आणि त्याच सुमारास मोबाइलवर तो मेसेज फिरायला लागतो. यंदा मला तो सहा ग्रुपांवर आला. त्यातला एक भजनी मंडळाचा होता. मेसेज थोडक्यात असा:

"लग्नाआधी हे वाचाच! सिकलसेल ही आदिवासींची बीमारी आहे. ती आईच्या रक्तातून उतरते. मुलामुलीचा रक्तगट वेगळा असेल तर लेकरांना सिकल होत नाही. दोघंही वाहक असले तरी चार मुलांत एकालाच होतो. वाहकाने लग्न करू नये, पुढे तोही आजारी पडतो. फवारणीच्या औषधानेही सिकल होतो. झालाच तर गव्हांकुर, बीट आणि आमचा काढा, २१ दिवसांत मुळासकट बरा. दहा ग्रुपांवर पाठवा."

मी पाठवला नाही. गडचिरोली-चंद्रपूरच्या सीमेवरच्या एका ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी २४ वर्षं लोकांची बोटं टोचली आहेत. या मेसेजमधलं जवळजवळ प्रत्येक वाक्य मला काउंटरच्या पलीकडून कुणी ना कुणी ऐकवलेलं आहे. तेव्हा उत्तरही तिथलंच देतो. सिकलसेल म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या होण्याचा, आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. वाहक म्हणजे ज्याच्याकडे त्याचा एकच बिघडलेला जनुक आहे, पण जो स्वतः आजारी नाही.

सुरुवात रक्तगटापासून, कारण सगळ्यात जास्त घरं याच वाक्याने फसतात. एकदा एक वडील आले. प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन कार्डं होती. म्हणाले, "साहेब, पोरगी बी पॉझिटिव्ह हाये, पोट्टा ओ पॉझिटिव्ह. येगळे हायेत. जमते ना?" मी विचारलं, हे कशासाठी पाहिलं? "सिकल नाही झाला पाहिजे म्हणून."

रक्तगट ए, बी की ओ हे ठरवणारा जनुक आपल्या नवव्या गुणसूत्रावर असतो. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ठरवणारा पहिल्या गुणसूत्रावर. सिकलसेलचा जनुक, म्हणजे हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचा, अकराव्यावर. तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणी आणि एकमेकांशी संबंध नसलेले. गट नंबर ९ चा सातबारा पाहून गट नंबर ११ चा मालक कोण ते सांगावं, तसा हा प्रकार. ओ पॉझिटिव्ह माणूस निरोगी असू शकतो, वाहक असू शकतो, रुग्णही असू शकतो. दोघांचा रक्तगट एकच असला तरी बिघडत नाही, वेगळा असला तरी सिकलपासून संरक्षण मिळत नाही.

हा घोटाळा होतो कुठून, याचा मला एक अंदाज आहे. आमच्या रिपोर्टवर 'एए', 'एएस', 'एसएस' असं लिहिलेलं असतं. त्याला आम्ही पॅटर्न म्हणतो. एए म्हणजे निरोगी, एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे रुग्ण. यातला 'ए' हा रक्तगटातला ए नव्हे. तो प्रौढ माणसाच्या नेहमीच्या हिमोग्लोबिनचं नाव आहे आणि 'एस' सिकलचा. पण कागदावर ए दिसला की लोक त्याला रक्तगट समजतात, आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा? दुसरं कारण थोडं खरं आहे. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर पुढच्या बाळंतपणात धोका असतो आणि त्यासाठी अँटी-डीचं इंजेक्शन देतात. ही गोष्ट खरीच, तिचा सिकलशी मात्र काही संबंध नाही.

आता तो 'एस' आला कुठून? हिमोग्लोबिनची बीटा साखळी १४६ अमिनो आम्लांची बनलेली असते. तिचा नकाशा डीएनएमध्ये चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेला असतो, तीन-तीन अक्षरांच्या शब्दांत. सहाव्या अमिनो आम्लाचा शब्द आहे 'जीएजी'. सिकलमध्ये त्याचा 'जीटीजी' होतो. एका अक्षराचा फरक. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन बसतं, ऑक्सिजन सोडला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून दोरे तयार होतात, आणि गोल लवचीक पेशी विळ्यासारखी ताठ होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडं दुखतात, छाती दुखते, प्लीहा सुजते. 'ध' चा 'मा' करून शनिवारवाड्यात काय झालं ते आपण शाळेत ऐकलंय. इथे डीएनएतल्या 'ए' चा 'टी' झाला. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवलं की हा हिमोग्लोबिनच्या रेणूचाच आजार आहे. पुढे व्हर्नन इंग्रॅम यांनी नेमकं कोणतं आम्ल बदललंय ते शोधलं. चुकीची जागा इतकी नेमकी कळलेल्या पहिल्या आजारांपैकी हा एक.

हे कळलं की मेसेजमधलं फवारणीचं वाक्य आपोआप पडतं. फवारणी धोक्याचीच आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ते कुणी विसरलेलं नाही. पण गावातल्या साऱ्या सिकल घरांत नेमकं तेच एक अक्षर, त्याच जागी बदललेलं सापडतं. ते आईबापांकडून आलं आहे आणि त्यांच्याकडे त्यांच्या आईबापांकडून. कीटकनाशक या देशात येण्याच्या कितीतरी आधीपासून ते रक्तात आहे.

"आईच्या रक्तातून उतरते." हे वाक्य लिहिणाऱ्याला माझ्या काउंटरसमोर एक तास बसवायला हवं होतं. लेकराला एसएस निघाला की सासू सुनेकडे पाहायची आणि सून जमिनीकडे. अकरावं गुणसूत्र प्रत्येकाकडे दोन असतात, एक आईचं, एक बापाचं. एसएस व्हायला दोन्ही एस लागतात. म्हणजे पोराचा रिपोर्ट एसएस आला तर बापाकडेही एस आहेच, आणखी पुरावा नको. कितीतरी बापांची तपासणी या एका वाक्यावर करवून घेतली मी. "मले काय झालं, मी तं धडधाकट हावो," असं म्हणत बोट पुढे करायचे आणि रिपोर्ट एएस यायचा.

याला जोडूनच एक समज आहे, मेसेजमध्ये नसला तरी गावात आहे. आमच्याकडे गोंड घरांत चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे असं, म्हणजे कुळाचे देव किती ते, पाहूनच सोयरीक जमते, बाकी समाजांत कूळ-गोत्र पाहतात. म्हणून लोक म्हणतात, देव वेगळे, मग रक्त वेगळं. पण देव बापाकडून येतात आणि जनुक दोन्हीकडून. मामाची मुलगी देवाने वेगळी असली तरी तिचे आजी-आजोबा तुमच्या आईचेच आईबाप असतात. एस त्यांच्यापैकी एकाकडे असेल तर तो दोन्ही घरांत उतरू शकतो.

आता "चार मुलांत एकालाच". यातला आकडा बरोबर आहे आणि अर्थ पूर्ण चुकीचा. याच अर्थाने माझ्या ओळखीच्या एका घरात तिसरं मूल झालं. पहिलं एसएस होतं, आता सुटलो असं त्यांना वाटलं. तिसरंही एसएस निघालं.

लहानपणी चिंचोके फोडून आपण डाव खेळायचो, एक बाजू पांढरी, एक काळी. दोन फोडलेले चिंचोके घ्या. एक आईचा, एक बापाचा. दोघंही वाहक आहेत, म्हणजे प्रत्येकाच्या चिंचोक्याची एक बाजू ए आणि दुसरी एस. पांढरी आणि काळी पडण्याची शक्यता सारखीच धरू. काळी बाजू एस. दोन्ही फेका. दोन्ही पांढरे पडले तर एए. एक पांढरा, एक काळा पडला तर एएस, आणि हे दोन तऱ्हांनी होऊ शकतं. दोन्ही काळे पडले तर एसएस. म्हणजे चारातून एक, दोन, एक. हा हिशोब एका फेकीचा, एका गर्भाचा. पुढच्या वेळी चिंचोके पुन्हा उचलून फेकायचे असतात, आणि मागच्या डावात काय पडलं ते चिंचोक्याला ठाऊक नसतं. पहिलं मूल एसएस असो की एए, दुसऱ्या वेळी धोका तेवढाच, २५ टक्के. दोन्ही पालक वाहक आणि दोन मुलं अशी १६ घरं धरली तर सरासरी ९ घरांत एकही रुग्ण नसेल, ६ घरांत एक, आणि एका घरात दोन्ही. चार मुलं असलेल्या अशा घरांपैकीही साधारण एकतृतीयांश घरांत कुणालाच आजार नसतो. मग तिथले लोक म्हणतात, पाहा, रक्तगट वेगळा होता म्हणून वाचलो. असा जन्मतो मेसेज.

वाहक पुढे आजारी पडतो का? नाही. एएस हा आयुष्यभर एएसच राहतो, वयाने अक्षर बदलत नाही. त्याच्या रक्तात निम्म्याहून जास्त हिमोग्लोबिन चांगलं असतं, त्याला गोळ्या लागत नाहीत, तो नांगर धरतो, ट्रॅक्टर चालवतो, लेकरं वाढवतो. त्याने लग्न करू नये हे तर फारच झालं. त्याचं लग्न एएशी झालं तर एकही मूल एसएस होणार नाही, काही मुलं वाहक असतील इतकंच. धोका दोन वाहक एकत्र येण्यात आहे. तसं जोडपं आधीच झालं असेल तर गर्भ १० ते १३ आठवड्यांचा असताना वारेच्या नमुन्यावरून तपासणी करता येते. त्यासाठी मोठ्या रुग्णालयात वेळेवर पोचावं लागतं, आणि आमच्या भागात पावसाळ्यात तेच अवघड.

एक खाच मात्र सांगितलीच पाहिजे. थेंबभर रक्त द्रावणात टाकून नळीमागच्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसतात का ते आम्ही पाहतो, ती सोल्युबिलिटी चाचणी. रेघा दिसल्या नाहीत तर एस आहे. पण तो एएस की एसएस हे ती सांगत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी लागते. जोडीदार थॅलेसेमियाचा, म्हणजे हिमोग्लोबिन कमी बनण्याच्या, असाच वारशाने येणाऱ्या आजाराचा, वाहक असेल तर तेही सोल्युबिलिटीत दिसत नाही, आणि सिकल व थॅलेसेमिया एकत्र आले तरी मूल आजारी होऊ शकतं. म्हणून लग्नाआधी दोघांची एचपीएलसी. तान्ह्या बाळाची सोल्युबिलिटी करून "निगेटिव्ह आली" म्हणून निश्चिंत होऊ नका. पहिल्या काही महिन्यांत गर्भातलं हिमोग्लोबिन भरपूर असतं, चाचणी फसते आणि त्याच काळात बाळही ठणठणीत दिसतं. पुढे हातापायांची बोटं सुजली की घरचे नजर काढत बसतात.

"आदिवासींची बीमारी." गोंड, माडिया, कोलाम, कोरकू, परधान यांच्यात ती आहेच. ती विदर्भातल्या अनुसूचित जातींत आहे, ओबीसींत आहे, आफ्रिकेत आहे, सौदी अरेबियात आहे, ग्रीसमध्ये आहे. कारण मलेरिया. १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत दाखवलं की एएस असलेल्यांना जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. जिथे मलेरियाने पिढ्यान्‌पिढ्या लेकरं नेली, तिथे एक एस बाळगणारे जास्त जगले आणि एस टिकून राहिला. गडचिरोलीच्या माणसाला मलेरियाबद्दल वेगळं सांगायला नको. आणि हे संरक्षण एसएसला नाही. उलट त्याला मलेरिया झाला तर जास्त जड जातो.

या "आमच्या समाजात नाही"पायी काय होतं ते सांगतो. ते पिशवीवाले वडील मुलीची तपासणी करून गेले, ती एएस निघाली. मुलाकडच्यांनी तपासायला नकार दिला, आमच्याकडे असलं काही नसतं म्हणाले. पंधरा दिवसांनी बाजाराच्या दिवशी तो मुलगा एकटाच गाडीवर आला आणि घरी सांगू नका म्हणून बोट पुढे केलं. त्याचा रिपोर्ट काय आला ते इथे लिहिणार नाही. तो त्याचा आहे.

राहिला काढा. गव्हांकुर पिऊ नका असं मी म्हणत नाही, चव कशी लागते ते मला माहीत आहे. पण बिघडलेलं अक्षर हाडातल्या मगजात, रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींत आहे. निरोगी लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, सिकलची १० ते २० दिवस, आणि त्याच कारखान्यातून त्याच नकाशाने पुन्हा तशीच निघते. पोटात गेलेला रस तो नकाशा खोडू शकत नाही. रक्त कमी आहे म्हणून स्वतःच्या मनाने लोहाच्या गोळ्याही सुरू करू नका. इथे रक्त लोहाअभावी कमी होत नसतं, पेशी फुटतात म्हणून होतं. हायड्रॉक्सीयुरिया नावाची जुनी गोळी गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते आणि दुखण्याचे झटके कमी करते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्त तपासत घ्यायची असते. मुळावर घाव घालणारे उपाय मोजकेच. त्यांतले दोन: हाडातल्या मगजाचं प्रत्यारोपण, आणि २०२३ च्या अखेरीस ब्रिटन-अमेरिकेत मंजूर झालेली जनुक-संपादनाची उपचारपद्धती. तीही ते चुकलेलं अक्षर दुरुस्त करत नाही, गर्भातल्या हिमोग्लोबिनचा बंद पडलेला जनुक पुन्हा सुरू करते. त्यासाठी माणसाच्या मूळ पेशी बाहेर काढून, जड केमोथेरपी देऊन त्या परत घालतात. मंजुरीच्या वेळी अमेरिकेत तिची किंमत २२ लाख डॉलर होती.

मेसेजखाली काढ्यासाठी तीन नंबर होते. तिन्हींना फोन लावला. म्हटलं, बरा झालेल्या एका पेशंटचा उपचाराआधीचा आणि नंतरचा एचपीएलसी रिपोर्ट पाठवा, नाव झाकून पाठवा. पहिल्याने फोन ठेवला. दुसरा म्हणाला, रिपोर्टने काय होते, विश्वास पाहिजे. तिसऱ्याने मात्र खरंच फोटो पाठवला. उघडून पाहिला तर रक्तगटाचं कार्ड होतं. बी पॉझिटिव्ह.