नुसती झाडंच हायत!

सिंगापूरची बोटॅनिक गार्डन. 1859 पासूनची, युनेस्कोच्या यादीतली. आणि आमची सोलापूरची फौज काय करते? सेल्फी! पाच डॉलरच्या नोटेवर छापलेलं टेंबुसूचं झाड समोर उभं, जाडजूड फांदी जमिनीलगत आडवी पसरलेली. मेहुणे तिच्याकडे पाठ करून व्हिडिओ कॉलवर, "काय नाही बे, नुसती झाडंच हायत!" मग बागेत काय उंट हवे होते? ऑर्किडच्या कमानीखाली काकूंनी कडक भाकरी मोडली. कडाड! शेंगाचटणी थेट फुलांवर. वर ऐकवतात, "आपल्या सिद्धेश्वर तळ्याकाठी भेळ तरी मिळते की ओ!" अहो, मग विमानाचं तिकीट कशाला? रिक्षानं गेलो असतो की तळ्यावर! आता पुढच्या वर्षी म्हणे दुबई. तिथं म्हणतील, नुसती वाळूच हाय!