डिस्क दिसली म्हणजे ब्रेक चांगला, असं नाही

सायकलचा डिस्क ब्रेक चाकाच्या मध्यावरची तबकडी पॅडने पकडतो, व्ही-ब्रेक चाकाची रिम दोन रबरी शूंनी दाबतो. इंदुरातल्या आमच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘मुलांना एमटीबी (डोंगरी वाटांची सायकल) घेताना डिस्क ब्रेकवालीच घ्या, व्ही-ब्रेक धोक्याचा. डिस्क केबलची असो की हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावरची), काम एकच. बजेट नसेल तर डिस्क नंतर बसवून घ्या. आणि पुढचा ब्रेक दाबू देऊ नका, मूल उलटतं.’

शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त टोचतं, म्हणून आधी तेच. ब्रेक लागला की वजन पुढे झुकतं. पुढचं चाक जमीन घट्ट धरतं, मागचं हलकं होतं. म्हणून थांबवायचं बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. नुसत्या मागच्यावर थांबायला कोरड्या डांबरी रस्त्यावरही साधारण दुप्पट अंतर लागतं, शिवाय चाक घसरतं ते वेगळंच. ए.बी. रोडवर समोर रिक्षा आडवी आली की ते अंतर कुठून आणायचं? मूल उलटतं ते हात सैल सोडून ब्रेक कचकन दाबल्यामुळे. बूड मागे सरकवायचं, हात हँडलवर घट्ट रोवायचे आणि दाब हळूहळू वाढवायचा. भाचीला हे शिकवायला मला मोकळ्या मैदानात दोन रविवार लागले. गिट्टीवर वळताना मात्र पुढचा जपूनच. आपल्याकडे बहुधा उजवा लिव्हर पुढच्या चाकाचा असतो, तरी दुकानातच दाबून खात्री करा.

व्ही-ब्रेक धोक्याचा? रामबागेतून शाळा-क्लासला जायला नीट बसवलेला व्ही-ब्रेक पुरतो, आणि ब्रेक शू कोपऱ्यावरचा मिस्त्रीही बदलून देतो. कमी पडतो तो पावसात. रिमवरचं पाणी पुसलं जाईपर्यंत पकड येत नाही, आणि माळव्याची काळी माती रिमला चिकटली की शूसोबत रिमही झिजते. पावसाळ्यात चोरल-पाताळपाणीकडच्या कच्च्या वाटांवर जाणार असाल, तर डिस्क घ्या, मी स्वतः सांगेन.

पण कोणती डिस्क? ‘काम एकच’ हे साफ चूक. स्वस्त केबलवाल्या डिस्कमध्ये बहुधा एकाच बाजूचा पॅड सरकतो आणि तबकडीला वाकवत पलीकडच्या पॅडवर नेतो. पॅड झिजले की लिव्हर सैल पडतो, तो हाताने कसत राहावा लागतो. कोणी कसला नाही, तर डिस्क असूनही सायकल थांबत नाही. अशा डिस्कपेक्षा चांगला व्ही-ब्रेक मी केव्हाही घेईन. हायड्रॉलिकमध्ये तेल दोन्ही पॅड सारखे ढकलतं आणि पॅडची झीज बरीचशी आपोआप भरून निघते. महूकडून जाम घाट उतरताना तळहात दुखून येतात, तेव्हा हा फरक कळतो. फक्त तेलाची चौकशी करून ठेवा: शिमानो, टेक्ट्रो कंपन्यांच्या ब्रेकांना मिनरल ऑइल, स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकांना डॉट नावाचं ब्रेक फ्लुइड. एकात दुसरं घातलं की आतली रबरी सीलं खराब होतात.

राहिलं ‘नंतर बसवून घ्या’. त्यासाठी फ्रेमवर आणि फोर्कवर (पुढचं चाक धरणारा भाग) कॅलिपर, म्हणजे पॅड धरणारा भाग, कसायची जागा लागते, हबवर (चाकाचा मधला भाग) तबकडी बसवायची सोय लागते. हे नसेल तर फोर्क आणि चाकं दोन्ही बदलावी लागतात, आणि फ्रेमवर जागा नसेल तर मागची डिस्क विसरा. पैसे देण्याआधी वाकून हब बघा.