पांढऱ्या घोड्याचा पूल

जून २०२५ मध्ये बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर ११ जण चेंगरून मेले, तेव्हा भारतातून आलेल्या प्रत्येक फोनवर एकच सूर होता : आपल्या लोकांना शिस्तच नाही, तुमच्या इंग्लंडमध्ये असे व्हायचे नाही. मी लंडनच्या वेम्ब्ली भागात राहतो आणि हे म्हणणे मला मान्य नाही.

घरून स्टेडियमकडे जाताना रेल्वेमार्गावर ‘व्हाइट हॉर्स ब्रिज’ नावाचा पादचारी पूल लागतो. हे नाव २८ एप्रिल १९२३ च्या दिवसाची आठवण आहे. त्या दिवशी नव्याकोऱ्या वेम्ब्ली स्टेडियमवर बोल्टन वाँडरर्स आणि वेस्ट हॅम या फुटबॉल क्लबांत एफए कप स्पर्धेचा अंतिम सामना होता. मैदान एवढे मोठे की भरणार नाही, अशा समजुतीने बहुतेकांना दारावर पैसे घेऊन आत सोडण्याचे ठरले होते. अधिकृत नोंद १,२६,०४७ प्रेक्षकांची आहे, पण आत दोन लाखांच्या वर माणसे होती असे मानले जाते. दारे बंद झाल्यावर लोक भिंतींवरून चढून आले आणि मागच्यांच्या रेट्याने पुढचे थेट खेळाच्या जागेवर लोटले गेले. राजे पाचवे जॉर्ज येऊन बसले, तरी खेळायला जागा नव्हती. जॉर्ज स्कोरी या पोलिसाने ‘बिली’ या पांढऱ्या घोड्यावरून, इतर पोलिसांच्या साथीने, ती गर्दी हळूहळू सीमारेषेपर्यंत मागे नेली. सामना पाऊण तास उशिरा सुरू झाला आणि बोल्टनने तो २-० असा जिंकला. अनेकजण जखमी झाले. कोणी दगावले नाही, हे केवळ नशीब.

पुढच्या वर्षापासून अंतिम सामन्याला आगाऊ तिकीट सक्तीचे झाले. गर्दीबाबत सरकारने नेमलेल्या समितीच्या सूचना मात्र ऐच्छिकच राहिल्या. १९४६ मध्ये बोल्टनच्याच मैदानावर गर्दीत चेंगरून ३३ जण गेले, १९७१ मध्ये ग्लासगोच्या आयब्रॉक्सवर ६६, आणि मैदानांच्या सुरक्षिततेचा कायदा त्यानंतर, १९७५ मध्ये झाला. तरीही १९८९ मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी घडली. तिथे ९७ बळी गेले, आणि दोष प्रेक्षकांचा नव्हता हे ज्यूरीने म्हणायला २०१६ उजाडले. ती कुटुंबे सत्तावीस वर्षे ‘लोक बेशिस्त होते’ हेच ऐकत राहिली, म्हणून ते शब्द आपल्याकडे इतक्या सहज उच्चारले जातात तेव्हा मला राग येतो.

आज सामना सुटला की वेम्ब्ली पार्क स्टेशनच्या पायऱ्यांखाली घोडेस्वार पोलीस गर्दी अडवतात आणि फलाटावर जागा होईल तशी माणसे टप्प्याटप्प्याने वर सोडतात. खाली उभे राहणाऱ्यांत माझ्यासारखे मुंबईकरही असतात आणि ते निमूट थांबतात. २०२१ च्या युरो अंतिम सामन्याला याच वेम्ब्लीत बंदोबस्त तोकडा पडला, तेव्हा बिनतिकिटाचे इंग्रज प्रेक्षक दारे तोडून आत घुसले होते.

सप्टेंबर २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर २३ जण गेले. त्या सकाळी पाऊस होता, लोक जिन्यावर आडोशाला थांबले होते आणि गाड्यांतून आणखी लोक उतरत होते. कामावर निघालेल्या त्या माणसांनी कोणती शिस्त मोडली होती?